व्याही आणि मागून येणारी गाडी

आमच्या व्याह्यांबरोबर आठवडाभर समुद्राच्या काठाने पायी चालून, त्यांना एकदाही समुद्रात न ढकलता जो माणूस घरी परत येतो, त्याचा जाहीर सत्कार व्हायला हवा असं माझं प्रामाणिक मत आहे. असा माणूस जगात एकच आहे, तो मी, आणि माझा सत्कार अजून कोणी केलेला नाही. तरी बरं, मी मूळचा शांत स्वभावाचा. म्हणजे व्याही भेटायच्या आधी होतो. माझी बायको म्हणते की मी आधीही नव्हतो, पण ती व्याह्यांच्या पार्टीची आहे, तिचं काही धरू नये.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. राहणार पुरानी बस्ती, रायपूर. गोल बाजारात त्यांचं पिढीजात भांड्यांचं दुकान आहे, ते आता पुतण्या सांभाळतो आणि हे रोज तिथे जाऊन त्याला सांभाळू देत नाहीत. त्यांच्या मते छत्तीसगढातली मराठी माणसं दोन प्रकारची. एक नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेली, आणि दुसरी नंतर आलेली. ते अर्थातच पहिल्यातले. माझे वडील अमरावतीहून सरकारी नोकरीवर इकडे आले, म्हणून मी दुसऱ्यातला. "आमचे पूर्वज तलवार घेऊन आले व्याहीबुवा, तुमचे टिफिन घेऊन आले," हे त्यांनी साखरपुड्याच्या बैठकीत माझ्या सगळ्या भावांसमोर, अगदी प्रेमाने सांगितलं. मुलीचा बाप म्हणून मी हसलो. मुलीच्या बापाला हसण्याचे बरेच प्रकार शिकून घ्यावे लागतात. त्याच बैठकीत मी दिलेलं चांदीचं ताट त्यांनी उचललं, कानाजवळ नेलं आणि बोटाच्या पेराने टक् करून वाजवलं. आमच्याकडच्या मंडळींचा श्वास अडकला. माझ्या मोठ्या भावाने तर उठायची तयारी केली. व्याह्यांनी डोळे मिटून आवाज ऐकला, "बरा आहे" म्हणाले आणि ताट खाली ठेवून शांतपणे पेढा खाल्ला.

पुढे कळलं की त्यात अपमान वगैरे काही नव्हता. हा माणूस सगळंच वाजवून पाहतो. कलिंगड, हंडा, फरशी, दार, माझ्या स्कूटरची टाकी. एकदा डॉक्टरकडे गेले असताना डॉक्टरने यांची छाती वाजवून पाहिली, तर यांनी त्याचं टेबल वाजवून पाहिलं आणि प्लायवूड आहे म्हणून सांगितलं. आयुष्यभर भांडी विकल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू आतून पोकळ असण्याची शक्यता आहे असं ते धरूनच चालतात. माणसं मात्र त्यांनी कधी वाजवून घेतली नाहीत. तिथे सगळं उधारीवर. पुरानी बस्तीतून गोल बाजारात जायला तुम्हाआम्हाला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट त्यांना लागतो, कारण वाटेतल्या प्रत्येक माणसाशी बोलल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नाही. भाजीवाली, पानठेलेवाला, सायकल दुरुस्त करणारा, कोणाच्या तरी ओट्यावर बसलेली कोणाची तरी आत्या, सगळ्यांची खबरबात घ्यायची. आणि या सगळ्यांच्याही आधी, सकाळी सकाळी, माझ्याकडे. पुरानी बस्तीतून शहराच्या दुसऱ्या अंगाला, आमच्या पंडरीपर्यंत, पायी चालत येऊन माझ्या दारात उभं राहायचं आणि मोठ्याने विचारायचं, "व्याहीबुवा, अजून झोपूनच राहिले का?" मी तेव्हा उठून, दात घासून, चहा पिऊन बसलेला असतो.

व्याहीणबाई जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा, म्हणजे आमचे जावई, आणि माझी मुलगी पुण्याला नोकरीला. त्यामुळे हे घरी एकटेच. मागच्या उन्हाळ्यात गोल बाजारात यांना चक्कर आली आणि हे दुकानाच्या पायरीवर पडले. फार काही झालं नाही, पण बातमी पुण्याला पोचेपर्यंत पार हॉस्पिटलात पोचली होती. तेव्हापासून दर रविवारी फोनवर भांडण. मुलगा म्हणायचा, पुण्याला या, एकटे राहू नका. हे म्हणायचे, मी धडधाकट आहे, तूच इकडे ये. शेवटी मुलाने वैतागून अट घातली. कोकणात समुद्राच्या काठाने आठवडाभर पायी चालवत नेणारी एक सहल असते. बरोबर गाईड, रात्री गावातल्या घरांतून मुक्काम, आणि सामान घेऊन रस्त्याने मागून येणारी एक गाडी. थकेल त्याने त्या गाडीत बसावं. मुलगा म्हणाला, "बाबा, पूर्ण किनारा स्वतःच्या पायांनी चाला, मी पुण्याचं नाव काढणार नाही. पण एकदा जरी गाडीत बसलात, तर घर बंद करायचं आणि इकडे यायचं." यांनी फोनवरच हव म्हटलं. छत्तीसगढात हव म्हटलं की शब्द दिला.

आता या प्रकारात माझा काय संबंध? तर साक्षीदार म्हणून मी. माझ्या मुलीने मला फोन करून लाडात सांगितलं की बाबा, तुम्ही कधी खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हीच सोबत जायचं आणि खरंखरं सांगायचं. बापाला गुंडाळायला पोरींना एवढंच लागतं. शिवाय, लपवून काय करायचं, मनातून मलाही वाटलं की हा माणूस पुण्याला गेला तर माझी सकाळ माझी होईल. पहिल्याच दिवशी बसेल गाडीत, असा माझा अंदाज होता. मी बॅगेत एक जाड पुस्तक टाकलं आणि निघालो.

त्यांनी बॅगेत काय टाकलं होतं ते रेल्वेत कळलं. पितळेचा लोटा, ठेठरी-खुरमीचा डबा, भाजलेले शेंगदाणे, कांदे आणि नवे बूट. आमच्याकडे सणाला होते ती ठेठरी-खुरमी, बेसनाची खारी आणि गव्हाची गोड. ती त्यांनी नागपूर येईपर्यंत अख्ख्या डब्यातल्या प्रवाशांना वाटून टाकली. नागपूरनंतर ते माझ्या डब्याकडे वळले.

रत्नागिरीच्या खालच्या अंगाला एका गावात आम्ही जमलो. आमच्याखेरीज पुण्याचं एक डॉक्टर जोडपं आणि ठाण्याच्या तीन बँकेतल्या बायका. गाईड होती तिथलीच एक चाळिशीची बाई, सायली तिचं नाव. उन्हाने रापलेली, बोलायला गोड आणि चालायला खमकी. व्याह्यांनी तिला पहिल्या मिनिटाला दीदी करून टाकलं. डॉक्टरांच्या दोन्ही हातांत चालायच्या काठ्या होत्या, त्या यांनी मागून घेतल्या, जमिनीवर आपटून पाहिल्या आणि विचारलं, "डॉक्टर असून काठी?" डॉक्टर त्यानंतर आठवडाभर यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले.

समुद्र त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं होतं, दोन मिनिटं तरी गप्प बसतील. टेकाडाचं वळण संपलं आणि खाली एकदम सगळं निळं पसरलं, पांढऱ्या वाळूची पुळण, एकही माणूस नाही, काळ्या खडकांवर पाणी फुटतंय. बँकेतल्या बायका हळूच "वा" म्हणाल्या.  व्याही कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "एवढं पाणी, अन् पिऊ शकत नाही कोणी." मग सायलीला विचारलं की याला उतरायला पायऱ्यांचा घाट कुठे आहे. घाट नाही म्हटल्यावर त्यांचं समुद्राबद्दलचं मत जे खराब झालं ते शेवटपर्यंत पूर्ण सुधारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या घरी त्यांनी सकाळी नाश्त्याला बासी मागितली. आमच्याकडे रात्रीचा भात पाण्यात भिजत घालून सकाळी कांदा-मिरचीबरोबर खातात, ती बासी. उन्हाळ्यात तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण ज्या बाईने पहाटे उठून पाहुण्यांसाठी घावणे घातले, नारळाची चटणी वाटली, तिला "रात्रीचा उरलेला भात द्या" म्हटल्यावर तिला काय वाटेल? तिचा चेहरा पडला. तिला वाटलं घावणे बिघडले. मी समजवायला गेलो तर तिला वाटलं, मी सारवासारव करतोय. शेवटी व्याही स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसले, बासी कशी करतात ते तिला तासभर सांगितलं, तिच्या सासूचं माहेर कुठलं ते काढलं, आणि तिचा एक चुलतदीर भिलाईला नोकरीला होता हेही शोधून काढलं. हे त्यांचं खास. या किनाऱ्यावर आम्हाला भेटलेल्या प्रत्येक माणसाचं कोणी ना कोणी रायपूर-भिलाईकडे असल्याचं त्यांनी सिद्ध केलं. जाळं विणणारा, होडीने खाडी पार करून देणारा, आंब्याच्या बागेतला राखणदार, सगळे. आणि प्रत्येक वेळी आम्ही बाकीचे उन्हात उभे. सायली घड्याळ पाहायची, मग माझ्याकडे पाहायची. मी मान वळवून समुद्राकडे पाहायचो. त्या आठवड्यात मी समुद्र एवढा पाहिला, त्यातला निम्मा या कारणाने.

पण माणूस चालत होता. हे मला कबूल करावं लागेल. बोलत चालत होता, थांबत चालत होता, पण चालत होता. संध्याकाळी मुक्कामाला पोचलो की मागची गाडी दारात उभी असायची आणि तिच्याकडे न पाहता ते आत जायचे.

मग तो बुटांचा प्रकार झाला. त्यात थोडा माझाही हात आहे, पण आधी त्यांचं सांगतो. रायपूरच्या माणसाला पाणी म्हणजे तलाव. भरती-ओहोटी आम्ही शाळेत भूगोलात पाठ केली होती, मार्क मिळवले होते आणि विसरलो होतो. तलावाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. आंघोळीला गेलेला माणूस चपला, कपडे, लोटा खालच्या पायरीवर पाण्याजवळ ठेवतो, म्हणजे बाहेर आल्यावर हाताशी. एका सकाळी निघायच्या आधी व्याही म्हणाले, समुद्रात आंघोळ करू. दोघं गेलो. त्यांनी बूट, मोजे नीट जोडीने आणि शेजारी लोटा, असं सगळं पाण्याच्या कडेला ठेवलं. मी माझा टॉवेल त्याच्याच शेजारी ठेवला. दोघेही रायपूरचेच ना. अंग बुडवून बाहेर आलो तर कड तिथे नव्हतीच, वर सरकली होती. एक बूट लांब पाण्यात डोलत जाताना दिसला. दुसरा दिसलाही नाही. माझा टॉवेलही गेला. लोटा तेवढा जड म्हणून वाळूत रुतून राहिला होता.

सायली धावत आली. व्याही ओल्या अंगाने तिच्यासमोर उभे राहून तक्रारीच्या सुरात म्हणाले की तुमचं पाणी जागेवर राहत नाही. ती म्हणाली, "काका, भरती आहे. काल संध्याकाळी सांगितलं होतं ना सगळ्यांना." यावर यांचं म्हणणं असं की सांगितलं होतं हे खरं, पण एवढी येते असं कुठे सांगितलं होतं.  मला इतका राग आला होता की मी वाळूवर बसून राहिलो. त्यांचा राग आला होता आणि माझा स्वतःचाही, आणि टॉवेल नसल्यामुळे थंडीही वाजत होती.

गावातल्या एकुलत्या एक दुकानात निळ्या रबरी चपला मिळाल्या. त्याही यांनी एकमेकींवर आपटून आवाज ऐकूनच घेतल्या. त्या दिवशी वाट सड्यावरून होती. सडा म्हणजे कड्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. वरून सूर्य, खालून तापलेला खरखरीत दगड, सावली नावालाही नाही. सायली म्हणाली की या चपलांनी सड्यावर चालता येणार नाही, आजचा दिवस गाडीत बसा. ती काळजीनेच म्हणाली. त्या वाक्यात काय अडकलंय हे तिथे फक्त मला आणि त्यांना माहीत होतं. माझ्या मनाने तेव्हा काय केलं ते सांगतो. मन म्हणालं, बसा आता, संपवा. व्याही म्हणाले, "गाडीत सामान बसते, दीदी." आणि चपला फटाफट वाजवत सगळ्यांच्या पुढे निघाले.

दुपारी त्या सड्यावर एक खुरटं झाड सापडलं. बाकीचे पुढे गेले होते. आम्ही दोघे त्याच्या खाली बसलो. त्यांचे तळवे लाल झाले होते आणि अंगठ्याजवळ कातडं निघालं होतं. मी चिडूनच विचारलं की व्याहीबुवा, एवढा हट्ट काहून करून राहिले? मुलगा-सून चांगले आहेत, फ्लॅट मोठा आहे, माझी मुलगी तुम्हाला बापासारखं पाहते. पुण्यात वाघ बसला आहे का? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत हे एवढं विरळ होतं की मला काळजी वाटली, पुन्हा चक्कर आली की काय.

मग म्हणाले, "मागल्या वर्षी मी महिनाभर राहून आलो ना तिथं. रोज सकाळी फिरून आलो की गेटवरचा वॉचमन विचारे, बाबा, कोणाकडे जायचं आहे? रोज. रोज मी पोराचं नाव सांगितलं. माझं नाव काय, हे त्यानं एकदाही नाही विचारलं." तळव्यावर फुंकर मारून म्हणाले, "गोल बाजारात पडलो तं चार दुकानदार धावले. एकाने पंखा आणला, एकानं तुमच्या घरी फोन केला. कोणालेच विचारावं नाही लागलं की हा म्हातारा कोणाकडचा."

  आमच्या पंडरीच्या कापड बाजारात मला दहा माणसं ओळखतात आणि तेवढी मला पुरतात, पण या माणसाची भूक मोठी आहे. खाली लाटा फुटत होत्या आणि वारा इतका होता की डोळ्यांत पाणी येत होतं. वाऱ्यानेच येत होतं. तेवढ्यात त्यांनी हात पुढे करून माझा गुडघा वाजवला आणि म्हणाले, यात आवाज येऊन राहिला, तेल लावत जा. मी उठलो.

पण त्या दिवसापासून माझी पार्टी बदलली. राग तसाच होता. ते कोणाशी तरी बोलत थांबले की माझं डोकं तसंच फिरायचं, रात्री घोरायचे तेव्हा मला उशी तोंडावर दाबावीशी वाटायची, स्वतःच्या. तरी हा माणूस पूर्ण किनारा चालावा आणि आपल्या पुरानी बस्तीत मरेपर्यंत राहावा, असं मला आतून वाटायला लागलं. रात्री त्यांच्या पायांना लावायला मी डॉक्टरांकडून मलम मागून आणलं. डॉक्टरांनी दिलं, पण विचारलं, "त्यांना स्वतः मागायला काय झालं?" मी म्हटलं, लाजतात. आयुष्यात एवढं धादांत खोटं मी आधी बोललो नव्हतो.

शेवटच्या दिवशी फक्त एक टेकाड आणि एक लांब पुळण उरली होती. पलीकडे बंदराचं गाव आणि सहल संपली. सकाळची हवा छान होती, व्याही माझ्यापुढे दोन पावलं, बँकेतल्या बायकांना गोल बाजारातली कढई कशी ओळखावी ते सांगत होते. मी त्यांच्या चपलांकडे पाहत चाललो होतो आणि मनात म्हणत होतो, झालंच आता. आणि जांभ्यातल्या एका खड्ड्यात माझाच पाय गेला. कडकन् आवाज झाला. मी तिथेच बसलो. घोटा बघता बघता सुजला. डॉक्टरांनी पाहिलं, मोडलं नाही म्हणाले, पण चालायचं नाही. सायलीने फोन केला आणि गाडी खालच्या रस्त्यावर बोलावली. दोघांनी धरून मला रस्त्यापर्यंत आणलं. मी गाडीत बसलो, दार ओढलं आणि व्याह्यांना म्हटलं की तुम्ही पुढे व्हा, तिकडे भेटू.

ते दार धरून उभे राहिले. सायलीने सांगितलं की ड्रायव्हर आहे, काळजी नाही, गावात दवाखाना आहे. डॉक्टरही म्हणाले, मोडलेलं नाही. सगळे सांगत होते. पुळण समोर दिसत होती, सपाट, पायाखाली मऊ, लहान मुलानेही चालून जावं अशी.

"माझ्या सुनेचा बाप एकटा दवाखान्यात जाईल, अन् मी समुद्र पाहत जाऊ?" ते म्हणाले, आणि गाडीत चढून माझ्याशेजारी बसले.

मी त्यांना ढकललं. खरोखर हाताने ढकललं. म्हटलं, उतरा, तुम्हाला समजत कसं नाही, थोडक्यासाठी सगळं घालवून राहिले तुम्ही. मुलीचा बाप व्याह्यांशी असं बोलत नसतो, पण मी बोललो. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून ड्रायव्हरशी बोलायला लागले. त्याचा मावसभाऊ छत्तीसगढातल्या रायगढला होता. रायगढ म्हणजे आपलंच, असं त्यांनी त्याला सांगितलं.

संध्याकाळी मुक्कामाच्या घराच्या पडवीत आम्ही दोघेच होतो. माझा पाय पट्टी बांधून पुढे खुर्चीवर ठेवलेला. पुण्याहून फोन आला, लेक आणि जावई दोघंही बोलत होते. मी दिवसभर ठरवूनच ठेवलं होतं. जावयांनी विचारलं, "बाबा चालले का सगळं?" मी म्हटलं, "सगळं चालले. गाडीला हातसुद्धा लावला नाही."  मग जावई म्हणाले, ठीक आहे बाबा, शब्द तो शब्द. माझ्या मुलीच्या आवाजात आनंद होता की निराशा ते कळलं नाही. मी सुटकेचा श्वास टाकला आणि व्याह्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"पोट्ट्या, तुह्या सासऱ्याले मस्करी करायची सवय आहे," ते म्हणाले. "आज गाडीत बसलो मी. तिकीट काढून ठेव." आणि फोन ठेवून दिला.

मग मी जो चिडलो, तो गेल्या सगळ्या वर्षांचा मिळून चिडलो. म्हटलं, सगळं जमून आलं होतं, तुम्हाला तोंड बंद ठेवायला काय झालं होतं? आयुष्यभर सगळीकडे बोलता, एकदा गप्प बसला असता तर? कोणाला कळणार होतं? त्यांनी मला पूर्ण चिडू दिलं. त्यांच्या हातात वाटी होती, आतल्या बाईकडून हळद-मीठ गरम करून आणलं होतं. ते खाली पायरीवर बसले.

"आज नाही तं उद्या कळलं असतं," ते म्हणाले. "ती दीदी, तो डॉक्टर, कोणी तरी बोललं असतं. अन् मग कधी दोघांचं भांडण झालं असतं, कोणाचं नाही होत, तेव्हा माझा पोट्टा तुमच्या पोरीले म्हणाला असता, तुझा बाप खोटं बोलला होता. तिनं काय सांगितलं असतं मग?"

 त्यांनी माझ्या पायाची पट्टी सोडायला घेतली. मी पाय मागे ओढला, म्हटलं, व्याहीबुवा, पायाला हात नका लावू, बरं नाही दिसत. आमच्या रीतीत मुलीचा बाप वाकतो. लग्नात मी त्यांच्या मुलाचे पाय धुतले होते, माझ्या बापाने माझ्या मेहुण्यांचे धुतले होते. मुलाच्या बापाने मुलीच्या बापाचा पाय धरलेला मी कोणत्याच मांडवात पाहिलेला नाही.

"ठेवा इकडं," ते म्हणाले. माझा पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला आणि गरम लेप सावकाश लावायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या वेळी वारा अजिबात नव्हता. ते काहीतरी बोलत होते, त्या घरच्या बाईच्या भावाचं कोणी भिलाईजवळ दुर्गला असतं म्हणून. मी पहिल्यांदाच त्यांना मध्ये तोडलं नाही.

दिवाळीनंतर ते पुण्याला गेले.